आम्ही त्यांना काही करू देत नाही

मी कधी खोटं बोलत नाही, असं काही मी म्हणणार नाही. केंद्र सरकारच्या कार्यालयात पंचवीस वर्षं टिपण्या लिहिलेल्या बाईने तसं म्हणूही नये. पण सासूबाईंच्या कॅन्सरच्या डॉक्टरांसमोर मी जे एक वाक्य बोलले, ते बोलताना मला खोटं वाटलंच नव्हतं. चारचौघांत नेहमी बोलायचं ते आमच्या घरचं वाक्य होतं. पाहुणे आले की चहाबरोबर ते निघायचं. इतकी वर्षं बोलून बोलून ते आमच्या तोंडात इतकं बसलं होतं की डॉक्टरांसमोर वेगळं काही बोलायचं असतं, हे सुचलंच नाही.

सासरे गेल्यावर सासूबाई अकोल्याहून आमच्याकडे दिल्लीला आल्या. आमची सोसायटी मयूर विहारमधली, जुनी. चार मजले, लिफ्ट नाही, आणि लिफ्ट बसवायची की नाही यावर दर वर्षी सभेत ठरलेलं भांडण. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. सासूबाई पहाटे उठून, स्वेटरवर शाल, शालीवर मफलर असा सगळा सरंजाम करून खाली दुधाच्या बूथवर जायच्या. वर येईपर्यंत बूथवाल्याशी एक तरी वाद झालेला असायचा. मग चहा, मग कणीक, मग पोळ्या. तीन डबे भरून तयार व्हायचे: माझा, नवऱ्याचा, मुलीचा. मी डबा उचलून मेट्रो पकडायची, कारण कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या आमच्या कार्यालयात नवे साहेब हजेरीच्या बाबतीत फार कडक होते. संध्याकाळी मी परत यायची तेव्हा भाजी झालेली असायची, कपडे घडी करून ठेवलेले असायचे, आणि बाई स्वतः पार्कात गेलेल्या असायच्या. तिथे त्यांचा एक बाक होता. त्यावर एक बंगाली, एक मल्याळी आणि एक पंजाबी अशा तीन बायका. चौघींना मिळून एक धड हिंदी वाक्य येत नव्हतं, तरी तासभर बोलणं चालायचं.

थोडक्यात, आमचं घर त्या चालवत होत्या. आणि लोकांना आम्ही सांगायचो, "आम्ही आईंना काही करू देत नाही."

आमच्यासारख्या घरांत हे सांगावंच लागतं. म्हातारी बाई मुलाच्या घरी पोळ्या लाटताना दिसली की नाक सुनेचं कापलं जातं, मुलाचं नाही. त्यामुळे दारावरची बेल वाजली की सासूबाई हात पुसून बाहेर सोफ्यावर जाऊन बसायच्या आणि मी आतून त्यांना पाण्याचा ग्लास आणून द्यायची. त्यांनीच ओतून ठेवलेलं पाणी. आमचं असं काही बोलून ठरलेलं नव्हतं, पण दोघी आपापली कामं चोख करायचो. पाहुणे गेले की त्या हसून म्हणायच्या, "झाकली मूठ सव्वा लाखाची," आणि परत ओट्याशी उभ्या राहायच्या.

माझी नणंद पुण्याला असते. आईवर तिचा जीव आहे, यात शंका नाही. पण उंटावरून शेळ्या हाकाव्यात तर तिने. एकदा फोनवर ती हसत हसत म्हणाली होती, "आईला दिल्लीला राहायला नेलंय की कामाला ठेवलंय?" ती हसली, मीही हसले. मग पुढची चार वर्षं मी ते वाक्य रोज गिळत होते.

ज्या हिवाळ्यात गाठ लागली, त्याच हिवाळ्यात अकोल्याहून पाहुणे आले होते आणि आम्ही त्यांना पानिपतला नेलं होतं. दिल्लीत आलेल्या प्रत्येक मराठी पाहुण्याला पानिपत बघायचंच असतं. आम्ही सगळे स्मारकापाशी दमून बसलो. सासूबाई मात्र पूर्ण आवारात फिरल्या, एकेक पाटी वाचली, मग बाजारात जाऊन चादरींच्या दुकानदाराला अर्धा तास जेरीस आणलं आणि ते गाठोडं गाडीपर्यंत स्वतःच्या काखेत धरून आणलं. तेव्हा त्या शहात्तर वर्षांच्या होत्या. हे मला आज इतकं स्पष्ट आठवतं. हवं तेव्हा आठवलं नाही.

गाठ त्यांना अंघोळ करताना हाताला लागली. सुपारीएवढी, छातीच्या डाव्या बाजूला. चार महिने त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मग एका सकाळी कणीक मळता मळता म्हणाल्या, "अगं, ऑफिसला जायच्या आधी एक बघतेस का?"

मी बघितलं आणि आधी ओरडले. मला भीती वाटली की राग येतो, हा माझा जुना दोष. "चार महिने? चार महिने काय करत होतात?"

"दुखत नव्हती गं. तुझं बजेटचं चाललं होतं, पोरीची बारावी होती. त्यात आणखी तिसरं कशाला?"

त्यांना वाटलं होतं, सवड झाली की सांगू. आमच्या घरात सवड नावाची गोष्ट त्यांच्यामुळेच थोडीफार होती, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं नाही.

मग तपासण्या सुरू झाल्या. नवऱ्याने ठरवलं की आईसमोर तो शब्द उच्चारायचा नाही, 'गाठ' म्हणायचं. आम्ही सगळे दोन महिने घरात गाठ, गाठ करत फिरत होतो. पार्कातल्या पंजाबी मैत्रिणीने रिपोर्ट बघून पहिल्याच आठवड्यात त्यांना सगळं सांगितलं होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आमचं मन राखायला त्याही गाठच म्हणत राहिल्या.

मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळाली तेव्हा नणंद पुण्याहून विमानाने आली. ओपीडीत पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टर पन्नाशीचे, दमलेले, सभ्य. त्यांच्यासमोर टेबलाच्या एका अंगाला स्टुलावर सासूबाई, बाकी खुर्च्यांवर आम्ही तिघं. त्यांनी रिपोर्ट बघितले, शुगर विचारली, ब्लड प्रेशरच्या गोळ्या विचारल्या. मग मान वर न करता म्हणाले, "माताजी घर में क्या-क्या काम कर लेती हैं?"

त्यांनी हे आम्हाला विचारलं होतं. सासूबाईंना नाही. आणि नणंदेने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"नहीं नहीं, डॉक्टर साहब," मी म्हणाले. "हम इनको कुछ करने ही नहीं देते. पानी का गिलास भी हाथ में देते हैं."

"बाहर जाती हैं? सीढ़ियाँ?"

"तीसरी मंज़िल है, डॉक्टर साहब," नवरा म्हणाला. "मैं इनको अकेले उतरने नहीं देता. बिल्कुल नहीं." ज्या वेळी त्याची आई दूध घेऊन तीन मजले चढून यायची, त्या वेळी हा गृहस्थ घोरत असायचा.

नणंदेच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. चार वर्षांपूर्वीच्या त्या फोनचं उत्तर मी साक्षीदारांसमोर दिलं होतं.

डॉक्टर लिहीत होते. टेबलापलीकडचा कागद उलटा वाचता येणं ही आमच्या नोकरीतली विद्या आहे, साहेब काय शेरा मारतात ते तोंडावर येण्याआधी कळलेलं बरं असतं. त्यांनी इंग्रजीत लिहिलं होतं की रुग्ण बहुतांश वेळ घरातच असते आणि रोजच्या कामांसाठी इतरांवर अवलंबून आहे. मी ते पूर्ण वाचलं. फाइलच्या पहिल्या पानावर जे पडतं ते पुढच्या पानावरचा माणूस तपासत बसत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार. मला आत कुठेतरी टोचलं. 'सर, एक मिनिट,' इतकंच म्हणायचं होतं. पण मग नणंदेसमोर सांगावं लागलं असतं की पोळ्या कोण लाटतं आणि दूध कोण आणतं. मी स्वतःशी म्हटलं, हे त्यांच्या रेकॉर्डपुरतं असेल. सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत भिंतीकडे बघत होत्या. मी मूग गिळून बसले.

पुढच्या आठवड्यात त्या हॉस्पिटलमधले पाच-सहा डॉक्टर एकत्र बसले आणि त्यांनी ठरवलं. त्यांच्यासमोर फाइल होती, बाई नव्हती. वय, शुगर, ब्लड प्रेशर आणि एकंदर प्रकृती बघता ऑपरेशन नको. रोज एक गोळी द्यायची, त्याने गाठ आटोक्यात राहील, तीन महिन्यांनी दाखवायचं.

आणि आम्हाला आनंद झाला. हे लिहायची लाज वाटते, पण झाला. ऑपरेशन टळलं म्हणजे देवाने वाचवलं, असंच आम्ही धरून चाललो. नणंद निश्चिंत होऊन पुण्याला गेली. मी नातेवाइकांना फोन करून सांगितलं की नुसत्या गोळीवर भागतंय. त्या कागदात आणि त्या गोळीत काही संबंध असेल, हा विचार माझ्या मनाच्या दारापर्यंत आला असेल, पण मी त्याला आत घेतला नाही.

आता त्या पेशंट होत्या, त्यामुळे आम्ही खरोखरच त्यांना काही करू देईना. स्वयंपाकाला बाई ठेवली. दूध घरपोच यायला लागलं. बाल्कनीत त्यांच्यासाठी एक वेताची खुर्ची आणून टाकली. पार्क आधी इन्फेक्शनच्या भीतीने बंद केलं, आणि मग नोव्हेंबरातल्या हवेने. त्या दिवसांत इथे धडधाकट माणसंही खोकत असतात, त्यामुळे कुणी आम्हाला चूक म्हणालं नसतं. बाकावरच्या तिघी एकदा तीन मजले चढून भेटायला आल्या. धापा टाकत बसल्या, चहा घेतला, परत कधी आल्या नाहीत. सासूबाई कुणाला काही बोलल्या नाहीत. फक्त स्वयंपाकाच्या बाईच्या पोळ्यांना नावं ठेवायच्या आणि दोनातली एक ताटात सोडायच्या.

सहा महिन्यांत त्यांचे पाय काठीसारखे झाले. दुपारच्या झोपेचे तीन तास झाले. शुगर कधी वर, कधी एकदम खाली. एक दिवस बाथरूममधल्या स्टुलावरून त्यांना उठता येईना आणि मी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. कपडे घालून देताना माझ्या लक्षात आलं की डॉक्टरांनी लिहिलेलं वाक्य आता खरं झालंय. कोरडा टॉवेल हातात घेऊन मी तिथेच उभी राहिले. मला इतकी भीती कधी वाटली नव्हती, मुलीला डेंग्यू झाला होता तेव्हासुद्धा नाही.

आठव्या महिन्यात काखेत दुसरी गाठ हाताला लागली. गोळी काम करत नव्हती. या वेळी ऑपरेशनचा विचार पुन्हा निघाला, आणि त्याआधी आम्हाला एका वेगळ्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. म्हाताऱ्या माणसांना ऑपरेशन झेपेल की नाही ते बघणं, हे त्यांचं काम. वयाने माझ्याहून लहान. त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही की आपली खुर्ची फिरवून सासूबाईंच्या समोर आणली.

"अम्मा, बीमारी से पहले दिन भर क्या करती थीं?"

"वो क्या है ना, डॉक्टर," मी सुरुवात केली.

"आप नहीं, प्लीज़. अम्मा से पूछ रही हूँ."

सासूबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. तेव्हा त्या बोलायला लागल्या, आपल्या अकोल्याच्या हिंदीत, आधी हळू आणि मग चढत्या आवाजात. दूध मैं लाती थी. तीन मंजला उतरती, फिर चढ़ती. रोटी बनाती, बीस-बाईस. कपड़ा सुखाती. शाम को पार्क जाती, चार चक्कर. पानिपतसुद्धा आलं, चादरींसकट. डॉक्टरीणबाई हसत हसत लिहून घेत होत्या. मग त्यांनी जुनी फाइल उघडली, पहिलं पान वाचलं, आणि हसू मावळलं.

"ये किसने बताया था?"

नवरा मोबाइलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं बघत होता. "मैंने," मी म्हणाले.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. नुसत्या वयाच्या आकड्याने फार कळत नाही. शुगर आणि ब्लड प्रेशर सांभाळता येतं. शरीर रोज काय करू शकतं, यावरून बरंच काही ठरतं, म्हणून तो प्रश्न विचारतात. रोज तीन मजले चढणाऱ्या बाईला तेव्हा ऑपरेशन झेपलं असतं, बहुधा तेच ठरलंही असतं. मग त्या म्हणाल्या की चूक आम्हा डॉक्टरांचीही आहे, आम्ही पेशंटलाच विचारायला हवं होतं.

"तो क्या ये ठीक हो जातीं?" नवऱ्याने विचारलं.

"ये अब कोई नहीं बता सकता."

हे उत्तर ऐकून त्याला थोडा धीर आल्यासारखा दिसला. मला नाही आला. नक्की काय गेलं ते कळलं असतं तर मी त्याच्यासाठी रडले असते. हे असं, गेलं की नाही तेच माहीत नाही, याचं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही.

ऑपरेशनच्या आधी सहा आठवडे त्यांच्या अंगात ताकद आणायची होती. अंडी त्या खात नाहीत, म्हणून पनीर, डाळ, दूध. आणि जिना. पहिल्या दिवशी पाच पायऱ्या उतरून त्या मटकन बसल्या. "आधी बसवून ठेवलं, आता पळवायला निघालेत," त्या म्हणाल्या, "एकदा काय ते नक्की ठरवा." पंजाबी मैत्रीण रोज चार वाजता जिन्याखाली येऊन हाका मारायची, आणि तिच्या हाकेसाठी त्या ज्या पायऱ्या उतरल्या तेवढ्या माझ्या विनवण्यांनी उतरल्या नसत्या. पाचव्या आठवड्यात त्या बाकापर्यंत पोहोचल्या. सकाळी खुर्चीत बसून दोन पोळ्या लाटायला लागल्या, आणि मी पहिल्यांदाच शेजारणीच्या देखत त्यांना लाटू दिल्या.

ऑपरेशन त्यांनी झक्क निभावलं. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "माताजी तो बड़ी तगड़ी निकलीं." नवऱ्याने त्यांचा हात हातात घेतला. मी तो 'तगड़ी' शब्द मनात घोळवत भिंतीला टेकून उभी राहिले. दहा दिवसांनी रिपोर्ट आला. काखेतल्या बऱ्याच ग्रंथींपर्यंत रोग पोहोचला होता. रेडिएशनचे शेक दिले, नवी गोळी सुरू झाली. वर्षभर बरं गेलं. मग पाठ दुखायला लागली, आणि आता रोग हाडांत आहे. गोळ्या आणि इंजेक्शनं चालू आहेत. किती दिवस, ते आम्ही विचारत नाही. त्या काठी घेऊन घरात फिरतात. आठवड्यातून एकदा दोघांनी धरून खाली नेतो. नणंद रोज फोन करते आणि विचारते, आईला नीट आराम देताय ना.

गेल्या रविवारी बाल्कनीत ऊन होतं. आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. घरात दुसरं कुणी नव्हतं. दोन वर्षं जे मनात दाबून ठेवलं होतं ते मी म्हणून टाकलं. "आई, मी त्या पहिल्या डॉक्टरांना खोटं सांगितलं होतं."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. शेंग सोलणं थांबलं नाही.

"तुम्हाला तेव्हा कळलं होतं, मी काय बोलले ते?"

"इतकी वर्षं इथे दूधवाल्याशी भांडले ते काय मराठीत?"

"मग तुम्ही तेव्हाच बोलला का नाहीत?"

त्यांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली. "माझी लेक बसली होती तिथे. तिच्यासमोर तुला खोटी पाडू? तिने जन्मभर तुला सोडलं नसतं." मग पुढची शेंग उचलत म्हणाल्या, "मला काय ठाऊक, तो माणूस तेवढ्यावरून ठरवणार होता. मला वाटलं, बोलाचालीच्या गोष्टी चालल्यात. तुला तरी कुठे ठाऊक होतं."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी दाण्यांचं ताट माझ्यापासून थोडं लांब सरकवलं आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

मला ठाऊक होतं. पूर्ण नाही, पण अर्धंमुर्धं होतं; मी ते वाक्य कागदावर उलटं वाचलं होतं. तेवढंही मी त्यांना सांगितलं नाही.